बोटं सरळ करायची नाहीत

तळेगाव दाभाड्यात गेल्या चाळीस वर्षांत जन्मलेल्या कितीतरी लेकरांना केसरबाईंनी न्हाऊ घातलं. पाय लांब करून बसायच्या, बाळ नडगीवर पालथं घालायच्या आणि कोमट तेलानं चोळायला लागायच्या. तान्ह्या बाळाच्या मुठी घट्ट असतात. केसरबाई एकेक बोट उलगडून त्याच्या मुळापासून टोकापर्यंत तेल जिरवायच्या. आवळलेलं अंग मोकळं करायचं, हेच त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा ज्ञानेश चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून मोटारसायकलवर घरी येत होता. वळणावर खडी सांडलेली होती. गाडी घसरली आणि मानेचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, दवाखान्यात तीन महिने गेले. छातीखालचं अंग लुळं पडलं. खांदे शाबूत राहिले, कोपर वाकायचं, मनगट वर उचलता यायचं. बोटं मात्र हलेनात.

घरी व्यायाम शिकवायला दर मंगळवारी दिव्या यायची. पंचविशीतली मुलगी, पाठीला सॅक, बोलणं समजुतीचं. पहिल्याच दिवशी तिनं ज्ञानेशला मनगट वर उचलायला सांगितलं. त्यानं उचललं, तशी त्याची निर्जीव बोटं आपोआप तळव्याकडे मिटली. दिव्यानं मधे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. तो पडला नाही.

"ही जादू नाही," दिव्या म्हणाली. "बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात. त्या जरा आखूड राहिल्या, तर मनगट उचललं की ताणतात आणि मूठ मिटते. बोटांत ताकद नसली तरी चालतं. मग चमचा धरता येईल, ब्रश धरता येईल. पण मावशी, मनगट वर असताना बोटं सरळ ताणायची नाहीत. दोऱ्या सैल पडल्या की पकड गेली."

"व्हय," केसरबाई म्हणाल्या.

ज्ञानेशला एवढंच हवं होतं. सकाळी त्याची बायको रुपाली तळवड्याला कामावर जायच्या आधी घाईघाईनं त्याला भरवायची, एक डोळा घड्याळावर ठेवून. घास गिळताना तो तिच्याकडे बघायचा नाही. "दिवाळीला फराळ मी माझ्या हातानं खाणार," त्यानं दिव्याला सांगितलं. "चिवड्याचं नंतर बघू," दिव्या हसली, "आधी शिरा."

दिव्या गेली की घरात मायलेक दोघंच उरायचे. केसरबाई मुलाचा हात मांडीवर घेऊन बसायच्या. बोटं आकड्यासारखी वळलेली. त्यांना ते बघवायचं नाही. लाकूड होईल हाताचं, त्यांना वाटायचं. कालची पोर, पुस्तकातलं सांगणार. चाळीस वर्षं आपण काय केलं मग? एका दुपारी त्यांनी वाटीत तिळाचं तेल कोमट केलं.

"आई, दिव्या नको म्हणाली ना?"

"ती म्हनली ताणू नगं. मी कुठं ताणतीया? चोळतीया नुसती."

ज्ञानेशनं हात त्यांच्या मांडीवर तसाच राहू दिला. केसरबाईंनी त्याचं मनगट वर करून धरलं आणि एकेक बोट मागे नेत उलगडलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. श्रावण संपेपर्यंत ज्ञानेशची बोटं मऊ, सरळ, मोकळी झाली. बघून केसरबाईंचा जीव थंडावला.

मधले काही मंगळवार दिव्याला येता आलं नव्हतं. श्रावण संपल्यावर ती आली ती चमचा घेऊनच. ज्ञानेशनं मनगट उचललं. बोटं तशीच सैल लोंबत राहिली. चमचा फरशीवर पडला. दिव्यानं उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिनं त्याची बोटं चाचपली.

"कुणी ओढली बोटं?"

"कुणी नाही," ज्ञानेश म्हणाला.

"मी," केसरबाई म्हणाल्या. "रोज दुपारी. तेल लावून."

दिव्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त सॅकमधून पट्टी काढली आणि बोटं वळवून बांधायला लागली. "अशी बांधून ठेवू. दोऱ्या पुन्हा आखडतात का, काही महिने बघू. खात्री नाही देता येत मला. तोपर्यंत तळव्याला पट्टा बांधून त्यात चमचा खोचू."

ती गेल्यावर केसरबाई पलंगाजवळ बसल्या. "तू का न्हाई रं अडवलंस मला? एकदा म्हनलास आन् गप बसलास."

ज्ञानेश छताकडे बघत होता. "अंगठ्यात कळतं मला. बाकी बोटांत नाही, पण अंगठ्यात कळतं. तू चोळायचीस ते कोमट लागायचं. दिवसभरात तेवढंच बरं वाटायचं." मग म्हणाला, "मलाही वाटलं, थोड्यानं काय होतंय."

केसरबाईंचा हात त्याच्या हाताकडे गेला आणि पट्टीजवळ थांबला. आता कुठं धरायचं, ते त्यांना कळेना.

संध्याकाळी रुपाली आली, तेव्हा दारातच केसरबाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. रुपालीनं चपला काढल्या. कपाळाला हात लावून ती तिथंच उभी राहिली, मग आत गेली. रात्रीचा स्वयंपाक तिनं एकटीनंच केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसरबाईंनी ताटात वरणभात कालवला, ज्ञानेशच्या तळव्याला पट्टा बांधला, चमचा खोचला. पहिला चमचा हनुवटीवर सांडला. दुसरा छातीवर. केसरबाई पुढे सरकल्या.

"आई, राहू दे."

"पुसती तरी."

"नको. तू बाहेर बस. तू बघत बसलीस की माझं चुकतं."

केसरबाई गॅलरीत येऊन बसल्या. आतून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आवाज. एकदा ताट सरकल्यासारखं वाटलं. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या. आणि परत येऊन बसल्या.