अकराव्या दिवसाची नळी

साहेब, तुम्ही माझ्या दारावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावलीत. ती खोटी आहे, आणि चिकटवताना तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर. म्हणजे औषधात लपलेले जंतू वाढवून उघडकीला आणणारं कपाट. जन्म अंबाल्याचा, अंग स्टीलचं. लखनौच्या सरोजिनी नगरात, एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं उभा आहे. बाहेर जूनची भाजणारी लू वाहो की जानेवारीचं धुकं पडो, पोटात बावीस अंश राखायचे, चौदा दिवस, हे माझं काम.

इथे डोळ्यांत घालायचे थेंब बनतात. तपासणीचं काम मंजिरी मॅडमकडे. प्रत्येक बॅचमधल्या वीस बाटल्यांतलं औषध त्या बारीक गाळणीतून गाळतात आणि ती गाळणी जंतूंना आवडणाऱ्या पिवळसर द्रवात बुडवून नळी माझ्या पोटात ठेवतात. शेजारी एक कोरी नळी. तशीच गाळणी, तेच हात, फक्त औषधाऐवजी निर्जंतुक पाणी. चौदा दिवस द्रव नितळ राहिला तर औषध चांगलं. गढूळ झाला तर त्यात जंतू होते. इतकं सरळ आहे हे.

माझ्या कपाळावरचं पेन गोल कागदावर तापमानाची रेघ ओढत असतं, त्यामुळे मला थापा मारता येत नाहीत. एके काळी तपासायला आलेले अधिकारी ती रेघ पाहून म्हणायचे, "मशीन हो तो ऐसी." पुढे काचेच्या खोलीत, आकडे दाखवणारा पडदा असलेलं नवं यंत्र आलं. पाहुणे तिकडे जाऊ लागले आणि माझ्या डोक्यावर रिकामी खोकी चढली. जुने मदतनीस गोपीनाथ भैया तेवढे रोज सकाळी मला पुसतात.

यंदा जूनमध्ये मोतीबिंदूच्या शिबिरासाठीची बॅच आली. कारखाना चालवणाऱ्या आमच्या साहेबांना घाई. सातव्या दिवशीच येऊन म्हणाले, सगळं साफ दिसतंय, माल सोडून देऊ. मॅडम म्हणाल्या, बुरशी आळशी असते, तिला पूर्ण वेळ द्यावा लागतो. नवव्या दिवशी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. पेन चोवीस अंशांवर चढलं आणि उतरलं. पंचविसापर्यंत मुभा असते.

अकराव्या दिवशी गोपीनाथांनी औषधाची नळी उजेडात धरून हलवली. आत पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी तरंगत वर आलं.

"मॅडम, ये तो गई," ते हळूच म्हणाले.

साहेब धावत आले. ते नागपूरचे, मॅडम अकोल्याच्या, म्हणून सुरुवात गोडीने मराठीत झाली. कागदावर नवव्या दिवशी रेघेला आलेल्या उंचवट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मंजिरीताई, तुमच्या या म्हाताऱ्याला ताप आला होता. त्याचं खापर औषधावर कशाला? मशीन खराब लिहा, टेस्ट रद्द करा, नव्या वीस बाटल्या घ्या. अच्छा?"

"सर, तापाने बुरशी जन्माला येते का?" मॅडमनी विचारलं. "कोरी नळी त्याच पोटात होती. ती साफ कशी?"

मग तुमचेच हात स्वच्छ नसतील, असं साहेब म्हणाले.

"दोन्ही नळ्यांना हात माझेच लागलेत."

साहेबांनी चिठ्ठी स्वतः लिहिली, स्वतः चिकटवली, आणि टेस्ट रद्द केल्याचा कागद सहीसाठी पुढे केला. मॅडमनी सही केली नाही. त्यांनी बॅचवर लाल पट्टी लावली आणि गोदामाला कुलूप घातलं. ते कुलूप अजून आहे. शिबिराचे लोक रोज फोन करतात, साहेब रोज मॅडमना बदलीची भीती घालतात, आणि मॅडम रोज नऊ वाजता कामाला लागतात.

मित्रांनो, यंत्रं पुसा, वेळेवर दुरुस्त करा. पण मुख्य म्हणजे ती सांगतात ते ऐका. थर्मामीटर फोडल्याने कुणाचा ताप उतरत नाही.

साहेब, तुमच्या नव्या वीस बाटल्या साफ निघतीलही. पण आधीच्या विसांत एकीत तरी बुरशी होती, आणि गोदामात अजून नऊ हजार बाटल्या आहेत. त्यांतल्या कितींत आहे? आकडा सांगा. तोंडी नको. लिहून द्या, आणि खाली तुमची सही करा.