ओल पाहून पाणी

त्या रविवारी सकाळी माझं प्रेशर एकशे अठरा आलं. गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता आणि इतका चांगला आकडा पहिल्यांदाच दिसत होता. कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं. आज गोळी नको, असं ठरवून मी पट्टी पर्समध्ये तशीच ठेवली आणि तलासरीहून घोलवडची बस धरली.

आप्पांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. आई गेल्यापासून ते घोलवडला वाडीतल्या घरात एकटेच राहत. प्रेशर, साखर, सुटलेलं पोट, सगळं एकदम. तेच आता माझ्याकडे आलं आहे. प्रेशर मोजायचं मशीन त्यांना मीच आणून दिलं होतं.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ते गेले त्याच महिन्यावर थांबलेलं होतं. चौकोनाचौकोनात आकडे. १२४. १३०. १६२. फक्त मोठ्या आकड्यांना पेन्सिलीचं वर्तुळ.

लहान्याकाका तीस वर्षं आमच्या वाडीत राबतात. ते ओट्यावर चिकूची पाटी उतरवत होते.

"काका, ही वर्तुळं कसली?"

"गोळी घेतली त्याची खूण."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी कशाला, बाय? आळ्यात बोट घातल्याबिगर आप्पांनी झाडाला कधी पाणी दिलं? मी पाट सोडाया गेलो का ओरडत, 'लहान्या, ओल हाय अजून, मुळं कुजवतोस काय!' मशीनपण तसंच बघत." ते हसले. माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. "काय चुकलं काय?"

"नाही," मी म्हटलं. "चिकू यंदा छान आहेत."

ते वाडीत गेले.

चांगला आकडा आदल्या गोळीचा असायचा. तो पाहून आप्पा पुढची सोडायचे.

दर रविवारी मी फोन करायचे.

"आप्पा, आज किती?"

"एकशे चोवीस, मास्तरीणबाई. पास का नापास?"

"पास."

ते खोटं कधीच बोलले नाहीत. गोळी घेतली का, हे मी एकदाही विचारलं नाही.

शेवटचे चार आकडे १२८, १३२, १३८, १३८. एकालाही वर्तुळ नव्हतं. पुढचा चौकोन रिकामा. त्या सकाळी ते विहिरीपाशी पडलेले सापडले. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले.

मी कॅलेंडर उतरवायला आले होते. पर्समधून पट्टी काढली. माठातलं पाणी घेतलं. आप्पांचा पेला उपडा ठेवलेला होता, त्यातच घेतलं. गोळी गिळल्यावर पान उलटलं. हा महिना पूर्ण कोरा होता. कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली त्यांची पेन्सिल बोथट झाली होती, तरी उठली.

आजच्या चौकोनात मी आकडा लिहिला नाही. नुसतं वर्तुळ काढलं.