मॅक्सीनच्या ओठांवरचं गाणं

हॉलिवुडात तेव्हा रीतच होती. पडद्यावर दिसायचं एकीने, गायचं दुसरीने, आणि त्या दुसरीने जन्मभर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. करारातच तसं असे. वर्ना हॅस्कल गप्प राहिली ती मात्र करारापेक्षा मॅक्सीनसाठी.

मॅक्सीन डेल नाचायला वीज, गायला फुटकं मडकं. आपला आवाज तिच्या तोंडी शोभावा म्हणून वर्ना कितीतरी दिवस तिच्या मागेमागे हिंडली. ती हसते कशी, जिना चढल्यावर धापा कशा टाकते, चिडली की शब्द कुठे तोडते, सगळं गळ्यात उतरवून घेतलं. दुपारी संत्र्यांच्या बागेत बसून दोघी एकाच पुडीतले शेंगदाणे खायच्या. मग त्यांच्या एका सिनेमात ते नदीकाठच्या दिव्याचं गाणं आलं. लढाईवरून परतलेली पोरं ते ऐकून रडली. लग्नात ते वाजलं, मयतीत वाजलं.

"स्टुडिओचा फास सुटू दे फक्त," मॅक्सीन म्हणाली होती, "मग माझ्या तोंडाने जगाला सांगते, की ही वर्ना आहे."

स्टुडिओ मोडला, त्या जागी दुकानं आली. बागाही गेल्या. वर्ना ग्लेनडेलच्या चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवत म्हातारी झाली.

आणि एक दिवस फोन आला. "वर्ने, आपला सिनेमा पुन्हा लावतायत. नंतर मी बोलणार आहे, आवाजाबद्दलसुद्धा. पुढच्या रांगेत बस. आणि तो राखाडी झगा नको गं बाई, मेल्यासारखी दिसतेस त्यात."

वर्नाने निळा झगा घेतला. केस कुरळे करून आणले.

सिनेमा संपला. मॅक्सीन काठी टेकत मंचावर आली. "आज खरं सांगते," ती म्हणाली, "त्या गाण्यातला आवाज माझा नव्हता."

 वर्ना खुर्चीतून अर्धवट उठली.

"तो माझ्या आईचा होता. भांडी घासताना गायची. मीच हाताला धरून तिला स्टुडिओत नेलं. माझं नाव लावू नका, म्हणाली बिचारी."

सगळे उभे राहिले. कोणी डोळे पुसत होतं, कोणी टाळ्या वाजवत होतं. वर्नाही उभीच होती. त्या गर्दीत ती वेगळी कुणाला दिसणार?

मॅक्सीनची आई तिला चांगली आठवत होती. रेडिओ लावला तरी अंगावर धावून येणारी, गाणं म्हणजे सैतानाची शिट्टी म्हणणारी बाई.

बाहेरच्या दालनात तिने मॅक्सीनला गाठलं. "आई? तुझी आई?"

"हळू बोल गं! पाहिलंस ना, कसे रडले?"

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पण तुझं नाव घेतलं असतं तर चार टाळ्या पडल्या असत्या, झालं. पगार घेऊन गायलीस तू, त्यात कोण रडणार? आईचं म्हटलं की..." मॅक्सीनने डोळ्याला रुमाल लावला. डोळा खरंच ओला होता. वर्नाला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तेवढ्यात एक तरुण मुलगी सही घ्यायला आली. वर्ना तिला म्हणाली, "पोरी, ते गाणं मी गायलंय."

कालपर्यंत कुणाला असं सांगितलं असतं, तर त्याने निदान ऐकून तरी घेतलं असतं. आज त्या जागी एक मेलेली आई येऊन बसली होती, तिला उठवायचं कुणी? मुलीच्या चेहऱ्यावर कीव आली, थोडा रागही.

"आजी," ती हळूच म्हणाली, "ते त्यांच्या आईचं आहे हो."

वर्नाने मॅक्सीनकडे पाहिलं. अजूनही तिच्या एका शब्दाचं काम होतं. मॅक्सीनने प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "फार जुनी मैत्रीण आहे माझी. आताशा जरा घोळ होतो तिचा."

वर्नाने तो हात उचलून बाजूला केला.

"मॅक्सीन, तुझ्या आईने हे ऐकलं असतं ना, तर तुझं थोबाड फोडलं असतं."

मुलगी खळखळून हसली. तिला वाटलं, दोघी म्हाताऱ्यांची थट्टा चालली आहे. मॅक्सीन मात्र हसली नाही. तिने मान खाली घालून सही करायला घेतली आणि विचारलं, "नाव काय म्हणालीस, बाळ?"