कापायला काढलेली भिंत

भिंतींनाही कान असतात म्हणतात, ते खरं आहे. माझ्याबद्दल जे ठरलं ते सगळं मी ऐकलंय, म्हणून मी भिंत आज घाबरत घाबरत बोलतेय.

मी कोपऱ्यावरच्या एका बैठ्या दुकानाची विटांची भिंत. एक अंग रस्त्याकडे, दुसरं शिंपीकाकांच्या दुकानात. काका बेतायचे, काकू शिवायच्या. समोरच्या कारखान्यातले कामगार त्यांचं गिऱ्हाईक. मग मालकांनी कारखाना दूरदेशी हलवला. तिकडे मजुरी स्वस्त. गल्लीतलं एकेक शटर खाली आलं ते आलंच.

तेव्हा एक चित्रकार मुलगी आली. शिडीवर सरसर चढायची, म्हणून काकू तिला खारूताई म्हणायच्या. तिने माझ्यावर भलामोठा हात काढला. मनगटावर उंची घड्याळ, बोटांत कात्री, आणि कात्रीखाली कापडासारखी पसरलेली आमची गल्ली, घरादारांसकट. दुसरं टोक चित्रातल्या काकूंनी घट्ट धरलेलं.

"हा हात कोणाचा गं?" काकूंनी विचारलं.

"तेच तर कोणाला दिसत नाही, काकू."

जन्मभर जाहिराती चिकटवून घेतलेली मी, मोहरून गेले. लोक फोटो काढायला येऊ लागले. समोर काचेचं कॉफीचं दुकान आलं. भाडी चढली. आणि एक दिवस घरमालक एका कोटवाल्या पाहुण्याला घेऊन आला. पाहुण्याने मला कलिंगडासारखं वाजवून पाहिलं.

"चित्रासकट कापून नेऊ. मोठ्या संग्रहात जाईल."

"आणि आमचं दुकान?" काकांनी विचारलं.

"काका, भिंतच गेल्यावर दुकान कसलं?" घरमालक समजुतीने म्हणाला.

माझ्यावर खडूची रेघ ओढली गेली, काका कापडावर ओढतात तशी. तेव्हापासून सांध्यासांध्यांत कापरं भरलं. नुसता ट्रक गेला तरी वाटायचं, आले.

खारूताईला कळलं तशी ती करड्या रंगाची बादली घेऊन धावत आली. "काकू, माझ्यामुळे झालं हे. पुसून टाकते. चित्रच नसलं तर भिंतीला कोण विचारतंय?"

काकूंनी शिडी धरली. स्वतःचा चेहरा पुसला जाताना त्या वर बघत राहिल्या. संध्याकाळी मी कोरी करडी झाले होते. जरा जिवात जीव आला.

पाहुणा पुन्हा आला. घरमालकाचं तोंड उतरलेलं. पाहुणा मात्र बराच वेळ मला न्याहाळत राहिला, मग हसला.

"कलाकाराने स्वतःच्या हाताने पुसलेलं चित्र. आता तर किंमत दुप्पट."

खारूताई शेजारीच उभी होती.

काल काका-काकूंनी शिलाई मशीन दोन बाजूंनी धरून बाहेर नेलं. आज माणसं करवत घेऊन आलीत.

"आतल्या अंगाचं काय करायचं?" एकाने विचारलं.

"फळ्या ठोक. ते कोण बघतंय?"

करवत डावीकडून शिरली आहे. घराशिवाय भिंत कशी उभी राहते, मला ठाऊक नाही.

कधी एखाद्या मोठ्या दालनात करडी भिंत दिसली, तर राखणदाराची नजर चुकवून तिच्या मागे जा. फळ्यांच्या फटीतून पाहा. खाली एक तेलकट डाग दिसेल. दुपारी काम नसलं की काकू तिथे डोकं टेकून डोळे मिटायच्या.

पाहा, पण कोणाला सांगू नका. त्याचीही किंमत लावतील.