गुडघ्यांच्या गाद्या

पहिल्या संध्याकाळी दोघी जेवून खोलीवर आल्या आणि दार उघडताच वन्सं किंचाळल्या. त्यांच्या पलंगावर कुणीतरी बसलं होतं. वन्संचाच, खोलीत विसरलेला चष्मा डोळ्यांवर चढवून, सोंड वर करून, अगदी ऐटीत.

"अगं वहिनी, हत्ती!"

हत्ती टॉवेलचा होता. जन्मभर शाळेत पोरांना धाकात ठेवलेल्या वन्संनी त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्यालाच म्हणाल्या, "माफ करा हं, मला दिसत नाही याच्याशिवाय." मग खाटेवर बसून त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

वहिनी हसली नाही. सोनारानं दागिना पारखावा तशी ती वाकून हत्तीच्या कानाची घडी पाहत राहिली. बोटानं कान जरासा उलगडला, पुन्हा होता तसा बसवला.

"कसबी हात आहे हो वन्सं यामागे," ती म्हणाली. "नुसता टॉवेल नाही हा."

तिला कळायचंच. तिचा सारा जन्म घड्यांत गेला होता. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री होती; तिथं वाफ वर जायची आणि उजेड खाली यायचा नाही. वर कोण उतरलंय, कुणाचं लग्न ठरलंय, कोण एकटं रडलंय, हे वहिनीला कापडांवरून कळे. इस्त्री फिरवता फिरवता ती स्वतःशीच गुणगुणे:

घडीवर घडी बाई, कोपऱ्याला कोपरा
माझ्या हाताखाली नाही, सुरकुतीला थारा

वरच्या मजल्यांवर बक्षिशी वाटली जायची. दार उघडणाऱ्याला, सामान उचलणाऱ्याला, ताट मांडणाऱ्याला. तळघरापर्यंत येईतो तिची नुसती बातमी झालेली असे. वहिनीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच, की एकदा तरी कुणी जिना उतरून खाली यावं, शर्ट हातात धरावा आणि विचारावं, ही कॉलर कुणी केली हो? ती निवृत्त झाली, इस्त्री दुसरीच्या हाती गेली, तरी जिना काही कुणी उतरलं नाही.

आता वन्संच्या लेकानं दोघींना या जहाजावर धाडलं होतं. "आई, मामीला घेऊन जा," तो म्हणाला होता, "तिनं उभ्यानंच आयुष्य काढलंय, जरा बसू दे तिला." तशी वहिनी बसली होती. खोलीत एक खिडकी होती, खिडकीपाशी एक खुर्ची होती, आणि खिडकीभर समुद्र होता.

खोली आवरायला येणारा माणूस मधल्या वयाचा, रुंद खांद्यांचा, हलक्या आवाजात बोलणारा. त्यानं नाव सांगितलं होतं, पण वन्संनी त्याला 'हत्तीवाला' करून टाकलं आणि त्यालाही ते आवडलेलं दिसलं. रोज नवं जनावर. कधी हंस, कधी कासव, तर एकदा पडद्याच्या दांडीला लोंबकळणारं माकड. वहिनी रोज त्यांची एकेक घडी उलट्या वाटेनं सोडून बघायची, आणि सगळं उलगडलं की पुन्हा जमवायला बसायची.

"कपडे घालायचे सोडून टॉवेलांशी खेळत बस," वन्सं म्हणायच्या.

"शिकतेय."

"या वयात?"

"मग कुठल्या वयात? तरुणपणी कुठं होता हत्ती?"

जहाज एका दुपारी चांगलंच डोलू लागलं आणि वन्सं आडव्या झाल्या. शाळेतला सगळा रुबाब पोटातून वर येऊ लागला. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी हत्तीवाला दारात उभा. एका हातात हिरवी सफरचंदं, दुसऱ्यात कोरडी बिस्किटं. सफरचंद वन्संच्या हाती देऊन तो गुडघ्यांवर बसला आणि गादीच्या बाहेरच्या कडेखाली ब्लँकेटची वळकटी सरकवली.

"आता जहाज कितीही डोललं तरी तुम्ही भिंतीशीच राहाल, बाई. पाळण्यात ठेवल्यासारख्या."

"मी काय तान्ही आहे का?" वन्सं पुटपुटल्या. पण झोपल्या मात्र तान्ह्या पोरासारख्याच.

तो उठू लागला, तशी वहिनीची नजर त्याच्या पँटवर गेली. कडक, स्वच्छ, धारदार इस्त्रीची पँट. पण गुडघ्यांवर मात्र कापड घासून काचेसारखं चमकत होतं. मोरीच्या फरशीवर गुडघे, पलंगाच्या कडेला गुडघे, दिवसभर गुडघे. उठताना त्यानं भिंतीला हात टेकला, आणि वहिनी बघतेय हे दिसताच तो चटकन काढून घेतला.

"बसा की घटकाभर," वहिनीनं खिडकीजवळची खुर्ची पुढे केली. "समुद्र बघा."

तो हसला. "मावशी, आमची झोपायची जागा पार खाली, पाण्याखालच्या मजल्यावर. खिडकी नाही. एवढी वर्षं समुद्रावर राहतो, पण तो दिसतो तुमच्यासारख्यांच्या काचा पुसताना."

"म्हणून तर म्हणते, बसा."

"मी बसलो तर पुढची दारं कोण उघडेल?" असं म्हणून तो गेलासुद्धा. वहिनी खुर्चीकडे पाहत राहिली. तळघर तिला नवं नव्हतं. पण समुद्राच्याही पोटात तळघर असतं, हे तिला आजच कळलं.

त्याच दिवशी तिनं कात्री काढली. तिचा एक जुना सुती गाऊन होता, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. तो तिनं कापला. थरावर थर ठेवले, आत जुन्या बनियनचा भराव घातला, आणि बारीक धावदोरा घालत दोन छोट्या गाद्या शिवायला घेतल्या. गुडघ्यांना बांधायच्या. मागे नाड्या, गाठ टोचू नये म्हणून चपट्या.

"बक्षिशी तिकिटातच कापून घेतलीय," वन्संनी आठवण करून दिली. "लेक म्हणाला मला. सगळ्यांची."

"कापून घेतलेलं वेगळं आणि दिलेलं वेगळं, वन्सं."

"मग पाकीट दे एक."

"पाकीटही देणारच. शाबासकी काही शिजवून खाता येत नाही. पण पाकीट जाईल त्याच्या घरी, आणि जावंच. त्याच्या गुडघ्यांना काय?"

"आणि तू आता गाऊनशिवाय काय घालणार?"

"तुमचा आहे की."

वन्संनी कपाळाला हात लावला. पण संध्याकाळी सुईत दोरा ओवायची वेळ आली तेव्हा चष्मा पुसून त्यांनीच ओवून दिला.

उतरायच्या आदल्या संध्याकाळी जहाजावर एक रीत असते. मोठ्या बॅगा बांधून दाराबाहेर ठेवायच्या. नोकर त्या घेऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्या किनाऱ्यावरच भेटतात. जवळ ठेवायचं ते फक्त हातातलं आणि अंगावरचं. वहिनी शेवटचा वारा खायला वर गेली होती. गाद्या पुऱ्या झाल्या होत्या, मऊ कापडात गुंडाळून उशीखाली ठेवल्या होत्या. सकाळी त्या त्याच्या हातात द्यायच्या. खाटेवर ठेवून जायचं नाही, दुसऱ्याकडून पोचवायच्या नाहीत, त्याच्या हातात. एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

ती खाली आली तेव्हा वन्सं कमरेवर हात ठेवून विजयी मुद्रेनं उभ्या होत्या.

"सगळं आवरलं! तुला म्हणून काही करायला ठेवलं नाही. तुझ्या उशीखालच्या चिंध्यासुद्धा भरल्या."

वहिनीनं उशी उचलली. मग वन्संकडे पाहिलं. वन्संचा विजय चेहऱ्यावरून हळूहळू उतरला.

"त्या... त्या होत्या होय गं?"

बाहेर लांबलचक गालिचा पसरला होता, पण त्यावर एकही बॅग नव्हती. दोघी चौकशीच्या टेबलाशी पोचल्या; वन्संच्या पायात एक चप्पल एकीची, एक दुसरीची. टेबलामागची मुलगी गोड होती, पण तिच्याही हातात काही नव्हतं.

"बॅगा तळात गेल्या, काकू. उद्या किनाऱ्यावर मिळतील."

"मग घेऊन परत वर येते मी," वन्सं म्हणाल्या.

"एकदा उतरलं की परत चढता येत नाही हो."

खोलीत आल्यावर वन्सं खाटेच्या कडेवर बसल्या.

"वहिनी, काहीतरी बोल. निदान ओरड तरी माझ्यावर."

"चिंध्याच होत्या, वन्सं. चूक काय तुमची?" वहिनी म्हणाली. आवाज मऊच होता, म्हणून वन्संना तो जास्त लागला.

सकाळी वहिनी उठली तेव्हा उजेड नुकताच पाण्यावर पाय ठेवत होता. दाराबाहेर हत्तीवाल्याची ढकलगाडी येऊन उभी होती. धुतलेल्या चादरींची चळत, उशांचे अभ्रे, टॉवेल. तो पलीकडच्या टोकाला कुठंतरी होता. आजचा दिवस या लोकांचा सगळ्यात कठीण. जुने प्रवासी उतरायचे, आणि खुर्च्यांची ऊब जायच्या आत नवे चढायचे. सगळ्या खोल्या त्या मधल्या वेळात लावायच्या. वहिनी त्या चळतीकडे पाहत उभी राहिली. पाहता पाहता तिच्या हातांना काहीतरी सुचलं.

"वन्सं, उठा."

"आग लागली का?"

"चादर काढायचीय."

"अगं, आपण प्रवासी आहोत! माझ्या लेकानं पैसे भरलेत!"

"उठताय की तुमच्यासकट काढू?"

वन्सं उठल्या. आधी नुसत्या बघत राहिल्या, मग न राहवून अभ्रे काढायला लागल्या. वहिनीनं मळलेलं कापड एका अभ्र्यात कोंबून गाठोडं केलं. ताज्या चादरी आणल्या. झटकल्या, तसा शुभ्र वारा खोलीभर सुटला. कोपरे खोचायला ती गुडघ्यांवर बसली आणि तिचे गुडघे कुरकुरले. पहिला कोपरा, दुसरा. "आई गं," ती म्हणाली, आणि तिला एकदम कळलं, की तो हे एका खोलीमागून दुसऱ्या खोलीत करतो आणि 'आई गं' म्हणत नाही. मोरी वन्संनी घासली. हो, वन्संनी. तोंडानं रेल्वेच्या इंजिनासारखा आवाज काढत, पण घासली.

शेवटी वहिनीनं दोन टॉवेल घेतले. उलट्या वाटेनं शिकलेलं आता सरळ वाटेनं जाऊ लागलं. हत्ती झाला. एक कान जरा मोठा, सोंड जरा लाजरी, पण हत्तीच. वन्संनी आपला चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

दारावर टकटक झाली. "मावशी, बाई, निरोप घ्यायला..." म्हणत हत्तीवाला आत आला आणि थांबला. पलंगाकडे पाहिलं. मोरीत डोकावला. हत्ती पाहिला. मग पुन्हा पलंगाकडे आला, वाकला, चादरीचा कोपरा बोटांत धरला, त्यावरून अंगठा फिरवला.

"हा कोपरा कुणी घातला हो?"

इतकी वर्षं वहिनी त्या जिन्याकडे कान लावून होती, आणि प्रश्न आला तो इथं, भर समुद्रात.

"मी," ती म्हणाली. आणि मग जराशा ऐटीत, "मी घातला."

"आमच्यातल्या जुन्या माणसालाही असा जमत नाही," तो म्हणाला. हत्तीकडे बघून त्याला हसू फुटलं. "किती जणांसाठी केले मी हे. माझ्यासाठी कुणी..."

वहिनीनं पर्समधलं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं, आणि पाकीट धरलेला तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "हे घरासाठी. आणि ही खोली तुमच्यासाठी. लावून झाली. तुमचा हिच्यात जेवढा वेळ गेला असता, तेवढा आता तुमचा. बसा."

तो कचरला. दाराकडे पाहिलं.

"बसा म्हटलं ना!" वन्सं शाळेतल्या आवाजात गरजल्या, आणि तो मुकाट बसला.

खुर्चीत आधी कडेवर बसला. मग मागे टेकला. गुडघे सैल झाले. खिडकीभर समुद्र होता, सकाळचा, कुणीतरी नुकताच धुऊन वाळत घातल्यासारखा. तो बघत राहिला. वहिनी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती:

दर्यावर राही त्याला, दर्या नाही दिसला
माझ्या खुर्चीवर आज, घडीभर बसला

किनाऱ्यावरच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅगा रांगेनं मांडल्या होत्या. आपली सापडताच वन्संनी तिथंच जमिनीवर ती उघडली. कपडे उपसले, आपला गाऊन अनोळखी माणसाच्या बॅगेवर टाकला, आणि दोन्ही गाद्या बाहेर काढल्या.

"वन्सं, आता काय उपयोग? वर जाता येत नाही."

"आपल्याला नाही येत," वन्सं म्हणाल्या. त्यांची नजर दोरीपलीकडे होती. तिथं नवे प्रवासी चढायची वाट बघत उभे होते, स्वच्छ कपड्यांत, उत्सुक. "त्यांना येतं."

आणि वहिनी नको नको म्हणेतो वन्सं दोरीच्या कडेकडेनं निघाल्यासुद्धा. शाळेत प्रार्थनेच्या रांगेपुढून चालाव्यात तशा, दोन्ही हातांत एकेक गुडघा उंच धरून.

"अहो, आमच्या खोलीत कोण चाललंय? चष्मा घालणारा हत्ती कुणाला मिळणार आहे?"

लोक हसले. काहींनी माना वळवल्या. वन्संनी खोलीचा आकडाही दोनदा मोठ्यानं सांगितला. एका टोकाला काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि हात वर केला. वन्संनी त्यांच्यापुढे सगळी हकिकत भडाभडा ओतली. हत्ती, सफरचंद, चिंध्या, आणि स्वतःची चूकही, मीठमसाला न लावता. गृहस्थांनी गाद्या घेतल्या, मऊ कापडावरून बोटं फिरवली.

"खाटेवर ठेवून जाऊ नका हं," वहिनी तोवर धापा टाकत तिथं पोचली होती. दोरीवरून वाकून तिनं त्यांना बजावलं. "त्याच्या हातात द्या. आणि नाड्या मागून बांधायच्या, गाठ टोचणार नाही."

"हातातच देतो," ते म्हणाले, आणि दोन्ही गाद्या कोटाच्या आत, छातीशी धरून, काठी टेकत जहाजाकडे निघाले.

वन्सं डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होत्या.

"वहिनी, पोचले का गं ते वर? मला नीट दिसत नाहीये."

"चष्मा कुठाय तुमचा?"

वन्संनी नाकाला हात लावला. मग दोघींनी मिळून जहाजाच्या त्या उंच, चमकत्या खिडक्यांकडे पाहिलं.

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "हत्तीला समुद्र दिसायला हवा ना."