निर्दयपणे वाढलेलं ताट

‘निर्दयपणे’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असं सहामाहीच्या पेपरात आलं आणि सहावीतल्या क्रांतीनं लिहिलं, ‘माझी आई पाहुण्यांना निर्दयपणे वाढते.’ बाईंनी उत्तर चूक दिलं, वर ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शिवाजी पेठेला पाठ झालं.

क्रांतीची आई स्नेहल फार दुखावली. लोकांना आजवर पोटभर घातलं, त्याचं हे फळ. बाईंनी पेपरावर लाल शाईत अर्थ लिहून दिला होता : जराही दया न दाखवता. स्नेहलनं तो दोनदा वाचला आणि ठरवलं, यापुढे कुणाला आग्रह म्हणून करायचा नाही.

मुहूर्त नेमका रविवारचा लागला. तिच्या नणंदेला, अनुजाला, मलकापूरच्या मंडळींनी पसंत केलं होतं आणि लग्न पक्कं करायला ती मंडळी जेवायला आली होती. स्नेहलनं मटण वाढलं, रस्सा वाढला, मग भाकरी विचारली. मुलाचे चुलते गणपतराव रीतीप्रमाणे नको म्हणाले. ती बरं म्हणून टोपली घेऊन आत गेली. रश्श्याचंही तेच. आता पहिलं ‘नको’ कुणी पोट भरलं म्हणून म्हणतं का? पाहुणे रिकाम्या ताटांकडे बघत राहिले आणि दाराआड अनुजा रडकुंडीला आली.

शेवटी गणपतराव म्हणाले, “पोरगी पसंतच हाय. पण आमचं येणं जड झालं असंल तर तसं सांगा. उठतो आम्ही.”

क्रांतीनं आईच्या हातातली पळी ओढून घेतली. गणपतरावांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. तिनं बोटांच्या फटीतून रस्सा सोडला. ते नको नको करत मागं सरकले, तशी ती पातेल्यासकट पुढं सरकली. भाकरी तर तिनं विचारलीसुद्धा नाही. अर्ध्या तासानं गणपतराव घाम पुसत भिंतीला टेकले आणि लग्नाची तारीख त्यांनी तिथूनच सांगितली, कारण उठवत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर स्नेहलनं क्रांतीला जवळ ओढलं.

“उद्या बाईंना सांग, माझा मार्क द्या म्हणावं. न्हाय पटलं तर रविवारी जेवायला घेऊन ये.”