जागेवरून घसरलेलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. चष्म्यातलं नव्हे, डोळ्याच्या आत बसवतात ते. मसुरीच्या डाळीएवढा माझा जीव आणि बाजूला केसासारखे दोन हात. कारखान्यात मला इतकं घासूनपुसून लखलखीत केलं, की थोडी ऐट चढणारच. पण भिंगाने कितीही मिजास केली, तरी त्याचं काम एकच: जागेवर बसून राहणं.

ढाणकीच्या नेत्रशिबिरात मी हलीमाच्या उजव्या डोळ्यात गेलो. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला, त्याची रिकामी पिशवी तेवढी आत ठेवली. तिच्यात दोन्ही हात टेकवून मी बरोबर बाहुलीमागे बसलो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा समोर तिचा नवरा रहेमान उभा होता.

"अजी, तुमी तं पार बुढे झाले!" ती म्हणाली आणि सगळी खोली हसली. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

डोळा चोळायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हलीमाचं फुलसावंगीचं घर त्यांनी कुठे पाहिलं होतं! त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. रहेमानच्या घरात तो आढ्याला टेकला होता. माणसं त्याच्यावरच निजत. साठवलेल्या कापसाने खाज सुटते. खाजवून खाजवून सगळ्यांची कातडी लाल झाली होती. हलीमाने दिवसा हात आवरला, पण झोपेत कसा आवरणार? एका पहाटे तिने डोळा खसाखसा चोळला. माझा एक हात पिशवीतून निसटला आणि मी खाली घसरलो.

आता माझी कड बाहुलीच्या मधोमध आली. अर्धा उजेड माझ्यातून जाई, अर्धा माझ्या वरून. दुसरा डोळा तर केव्हाच गेलेला होता.

"मले एकाचे दोन दिसून राह्यले," ती म्हणाली.

"नवा डोळा हाय, बसन हळूहळू," रहेमान म्हणाला. "कापूस इकला का नेतो तुले डॉक्टरकडं."

शेजारची वच्छलाबाई हसली. "मंग बरं हाय ना माय, एका भाकरीच्या दोन दिसतीन!"

कोणी वाईट नव्हतं, मित्रांनो. भाव वाढला नाही, एवढंच. संध्याकाळी अंधारून आलं की बाहुली मोठी होते, आणि मग माझी कड आणखीच उघडी पडे. अशाच एका संध्याकाळी हलीमा पाण्याला गेली. विहिरीला कठडा नव्हता. तिला दोन काठ दिसले, आणि तिने खोट्या काठावर पाय ठेवला.

ती वर्षंच अशी होती, की विहिरीत माणूस सापडलं की लोक एकच अर्थ लावत. तिने जीव दिला, अशी कुजबुज जनाज्यातही चालली होती. रहेमानने ती ऐकली.

"उडी नाई मारली तिनं!" तो ओरडला. "तिले दोन दिसत होते. तिनं सांगतलं होतं मले. मीच म्हणलो, आधी कापूस इकू दे!"

तिच्यासोबत मीही कबरीत गेलो. तिचा डोळा मातीत मिसळला. मी कुजत नाही, म्हणून अजून इथेच आहे. तिची फार आठवण येते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हणालं की एकाचे दोन दिसतात, तर हसू नका आणि कशाचा भाव वाढायची वाट बघू नका. त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्या. मला उचलून पुन्हा जागेवर बसवणं, हे डॉक्टरांचं एका सकाळचं काम होतं.